चौदाशे टॅपांवरून चार हजारांवर: एका मेपल गुऱ्हाळाच्या विजेच्या नोंदी

९ एप्रिल २०२४

काल इथं खग्रास सूर्यग्रहण झालं. साडेतीनच्या सुमारास तीनेक मिनिटं दिवसाची रात्र झाली, मेपलच्या राईतली पाखरं गप्प झाली, रस ओढणाऱ्या व्हॅक्यूम पंपाची घरघर तेवढी चालू राहिली. आज हंगाम संपला. मेपलच्या कळ्या फुगल्या की रसाला उग्र वास येऊ लागतो, तो परवापासून येत होता. शेवटचा रस उकळला आणि पॅन घासायला घेतले.

घासता घासता बुवांनी जाहीर केलं की शेजारची चाळीस एकर राई त्यांच्या लेकीनं विकत घेतली आहे. (बुवा म्हणजे या शुगरहाऊसचे, म्हणजे मेपलच्या गुऱ्हाळाचे, मालक, वय चौऱ्याहत्तर. त्यांना 'बुवा' मी मनातल्या मनात म्हणतो.) सध्या चौदाशे टॅप आहेत. टॅप म्हणजे झाडाला पाडलेलं भोक आणि त्यात ठोकलेली तोटी. पुढच्या मार्चला आणखी सव्वीसशे, म्हणजे एकूण चार हजार. मग माझ्याकडे बघून विचारलं, वीज पुरेल का?

जागा व्हर्मॉंट राज्याची फ्रँकलिन काउंटी. अमेरिकेतलं निम्म्याहून जास्त मेपल सिरप या चिमुकल्या राज्यात होतं आणि राज्यात पहिला नंबर या काउंटीचा. मी आठवडाभर नोकरीत इलेक्ट्रिकल इंजिनिअर, शनिवार-रविवार इथं बिनपगारी गडी. करवीर तालुक्यातल्या आमच्या गुऱ्हाळात वाढलो, म्हणून काहिलीचा वास आला की पाय आपोआप वळतात. तिथं मळी काढायला रसात भेंडीचं पाणी सोडतात, इथं फेस चढला की लोण्याचा एवढासा गोळा टाकतात. बाकी धंदा ओळखीचा.

१३ एप्रिल

पुरेल का हे सांगण्याआधी आज काय चाललंय ते मोजलं. रस संपलेला, म्हणून टाकीत पाणी भरून सगळं चालवलं.

घराच्या खांबावर १० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर. आपल्याकडे याला डीपी म्हणतात, मीही तेच लिहीन. घरातून शुगरहाऊसपर्यंत ३०० फूट २ नंबरची ॲल्युमिनियम केबल आणि ९० अँपियरचा ब्रेकर. रिकाम्या लाइनवर २४३ व्होल्ट. तीन एचपीचा व्हॅक्यूम पंप, जुना छोटा आरओ, भट्टीचा ब्लोअर आणि आरओच्या खोलीतला हीटर एकदम चालू असताना क्लॅम्प मीटरवर ६० अँपियर आणि २३० व्होल्ट.

मग पंप बंद करून पुन्हा चालू केला. काटा क्षणभर २१० ला टेकला आणि भट्टीवरचा दिवा डोळा मिचकावून परत पेटला. बुवा म्हणाले, तो वीस वर्षं असाच करतो.

तीन एचपीची सिंगल फेज मोटर चालताना १७ अँपियर घेते, सुरू होताना त्याच्या साधारण सहापट. या केबलचा जाऊन-येऊन रेझिस्टन्स ०.१९ ओहम. सुरुवातीचे शंभर आणि बाकी यंत्रांचे त्रेचाळीस अँपियर धरले तर सत्तावीस व्होल्ट तारेतच खर्ची. राहिलेला झोल डीपीचा. साठ अँपियर म्हणजे चौदा केव्हीए, वर घराचा लोड, आणि डीपी दहाची. मार्चच्या थंडीत चालते म्हणून तगली आहे, उन्हाळ्याचा धंदा असता तर कधीच तेल ओकली असती.

२७ एप्रिल

नवीन लोड कागदावर मांडला. मुख्य प्रश्न आरओचा.

मेपलचा रस म्हणजे जवळजवळ पाणीच. साखर दोन टक्के. उसाच्या रसाला अठरा-वीस ब्रिक्स बघितलेल्या माणसाला ही थट्टा वाटते. इथला जुना हिशोब असा: ८६ ला रसाच्या टक्क्यानं भागायचं, तेवढे गॅलन रस आटवले की एक गॅलन सिरप. दोन टक्क्यांला ४३ गॅलन. म्हणून उकळण्याआधी रस आरओतून काढतात. घरच्या पाण्याच्या आरओसारखंच तंत्र, फक्त इथं पाणी टाकायचं आणि 'वाया जाणारं' ठेवायचं.

चार हजार टॅप, व्हॅक्यूमवर चांगल्या दिवशी टॅपमागे दोन गॅलन, म्हणजे ८,००० गॅलन रस. दोनाचे आठ टक्के करायचे तर तीन चतुर्थांश पाणी काढायचं: ६,००० गॅलन. ताशी ६०० गॅलन पाणी काढणारं मशीन दहा तास चालेल. त्यात ताशी ८०० गॅलन रस ढकलावा लागतो, म्हणजे मिनिटाला सव्वातेरा गॅलन, ३०० पीएसआय दाबानं. पंपाची अकार्यक्षमता धरून चार एचपी होतात, मोटर पाचाची घ्यायची. इतर पंप धरून दहा तासांत पन्नास-साठ युनिट.

हेच ६,००० गॅलन उकळून घालवायचे तर? पाण्याची वाफ करायला किलोला २,२५७ किलोज्यूल. गुणाकार केला, तीन वेळा केला. चौदा हजार युनिट. साठ विरुद्ध चौदा हजार! बुवांच्या लेकीला आकडा दाखवला तर ती म्हणाली, यात छापण्याची चूक असेल.

मग भट्टीही विजेवर का नको, हा तिचा पुढचा प्रश्न. उरलेल्या २,००० गॅलनांतलं १,८०० गॅलन पाणी नऊ तासांत साध्या कॉइलनं आटवायचं तर पावणेपाचशे किलोवॅट लागतील. वाफ दाबून तिचीच उष्णता परत वापरणारी विजेवरची यंत्रं कॅनडात क्वेबेककडे निघाली आहेत, ती फार कमी वीज खातात, पण त्यांना तीन फेज पाहिजे आणि इथं गावाच्या रस्त्यावर एकच फेज येते. बुवांनी विषय संपवला: लाकूड आपलं आहे, धूर आपला आहे.

शुगरहाऊसचा लोड, एनईसी या इथल्या विद्युत कोडच्या ४३०.२४८ तक्त्याप्रमाणे: आरओची ५ एचपी २८ अँपियर, तिचा फिरवता पंप १०, व्हॅक्यूम १७, ब्लोअर ७, बारके पंप मिळून १८. हीटर १७, पाणी तापवायचा गीझर १९, दिवे ८. सगळ्यात मोठ्या मोटरीचे पंचवीस टक्के जादा धरले की १३१ अँपियर. ९० च्या केबलचा प्रश्नच मिटला.

११ मे

खालच्या राईत गेलो. गडबड इथं आहे. नवीन सव्वीसशे टॅपांचा सगळा उतार शुगरहाऊसच्या उलट दिशेला. रस उतारानं एका खोलगट जागी गोळा होणार, तिथं पंपघर बांधून व्हॅक्यूम पंप, रिलीजर (व्हॅक्यूम न सोडता नळ्यांतला रस बाहेर काढणारं भांडं) आणि रस वर ढकलायचा पंप बसवावा लागणार. शुगरहाऊसपासून टेप धरली: १,८०० फूट.

पंपघराचा लोड: पाच एचपी व्हॅक्यूम २८, दीड एचपी रसाचा पंप १०, किरकोळ ५, एकूण ४३ अँपियर. १/० जाडीच्या ॲल्युमिनियम केबलनं २४० व्होल्टवर नेलं तर ३१ व्होल्ट वाटेत गळतात, तेरा टक्के. अंगठ्याएवढी जाड ४/० घेतली तरी साडेसहा टक्के, आणि मोटर सुरू होताना साठ व्होल्टांचा खड्डा. मोटर नुसती हुं हुं करत बसेल.

मग वर चढवणारा ट्रान्सफॉर्मर लावून ४८० व्होल्टनं न्यायचं आणि खाली पुन्हा २४० करायचं. करंट निम्मा, टक्केवारीतली गळती चौपट कमी. तीच १/० केबल आता सव्वातीन टक्क्यांवर. दोन ट्रान्सफॉर्मर, १,८०० फूट चर, पण गणित बसतं. रात्री दीड वाजेपर्यंत आकृती काढली. सुंदर झाली आहे.

१२ मे

सकाळी आबांना फोन केला, गावाकडं संध्याकाळ. आकृतीचं कौतुक ऐकायला कुणीतरी हवं होतं. ४८० व्होल्टचं सगळं सांगून झाल्यावर आबा म्हणाले, "ते ऱ्हाऊ दे. डीपी किती लांब हाय?"

"अठराशे फूट, आबा."

"आरं, ती तुझी डीपी झाली. लाइनीचा खांब किती लांब हाय त्या जाग्यापास्नं? तार वढत बसू नगंस. डीपीच जवळ आण."

मी म्हणालो, बघतो. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की पंपघराच्या पलीकडच्या बाजूला काय आहे हे मी बघितलेलंच नाही. मी कायम शुगरहाऊसकडून खाली उतरलो आहे.

१८ मे

काळ्या माशांचा महिना. डोक्यावर जाळी घालून पलीकडच्या बाजूनं चढलो. खोलगट जागेच्या पुढं शेजाऱ्याचं गवताचं शेत, शेताच्या कडेला गावचा कच्चा रस्ता, रस्त्यावर खांब, खांबावर ७,२०० व्होल्टची एकेरी तार. टेप: ४५० फूट.

४५० फूट, २/० केबल, ४३ अँपियर: सव्वासहा व्होल्ट, २.६ टक्के. ट्रान्सफॉर्मर वीज कंपनीचा. आठवड्यापूर्वीची आकृती घडी करून वहीत ठेवली आहे. फाडवत नाही.

८ जून

दोन अर्ज गेले. एक पंपघरासाठी नवीन मीटर, दुसरा शुगरहाऊसला घरापासून वेगळं २०० अँपियरचं कनेक्शन. वेगळ्या मीटरचा तोटा असा की दर महिन्याचा ठरावीक आकार बारा महिने भरायचा आणि वापर सहा आठवड्यांचा. तरी १,८०० फुटांच्या चरापुढं तो किरकोळ.

कंपनीच्या माणसानं लोडपत्र मागितलं. मी १३१ लिहिणार होतो, पण हा आकडा कधीच एकदम येणार नाही. आरओ चालू असताना गीझर बंद राहील असा कॉन्टॅक्टर (आपोआप चालणारा स्विच) टाकला की ११२. शिवाय मोटरींच्या पाट्यांवरचा करंट आणि खरा करंट यांत फरक असतो. त्यानं २५ केव्हीएची डीपी ठरवली. मी जरा मोठी मागत होतो. त्याचं म्हणणं, तुमचा लोड थंडीत येतो, थंडीत डीपी जास्त सोसते. घरची दहाची डीपी वीस वर्षं हेच सिद्ध करत आली आहे, मी काय वाद घालणार.

शेजाऱ्यानं केबलला शेत द्यायला होकार दिला. मोबदला: दर वसंतात चार गॅलन सिरप, गडद रंगाचं. चर मात्र दुसरी कापणी झाल्यावरच.

१३ जुलै

बेरिल वादळाचा उरलेला पाऊस परवा-तेरवा व्हर्मॉंटवर कोसळला. बरोबर वर्षापूर्वीच्या महापुराच्याच तारखा. आपल्याकडे नुकसान नाही, पण कंपनीची सगळी माणसं रस्ते आणि खांब वाहून गेलेल्या भागात. आपलं काम पुढं ढकललं. साहजिक आहे.

२१ सप्टेंबर

चर खणला. खणण्याआधी जमिनीखालच्या लाइनी तपासून घेण्यासाठी ८११ ला फोन करावा लागतो, त्यांच्या खुणा आल्यावर मिनी एक्स्कव्हेटर भाड्यानं आणला. उघडी केबल २४ इंच खोल, पीव्हीसी पाइपातून नेली तर १८ इंच. शेतात सरळ गेलं. शेवटच्या साठ फुटांत एक फुटाखाली कातळ. पाइप घालूनही अठरा इंच मिळेनात. कातळ फोडायचा की वाट वळवायची यावर बुवा आणि मी अर्धा तास घातला आणि जेवायला बसलो. जेवून आल्यावर लेकीनं एका जुन्या मेपलच्या बाजूनं कांडी खुपसत खुपसत मऊ वाट शोधून ठेवली होती. पंचवीस फूट जास्त केबल.

१६ नोव्हेंबर

दोन्ही डीपी गेल्या महिन्यात बसल्या. पॅनेल आणि जोडणी लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनची, मी टॉर्च धरायला. क्वेबेकहून आरओ आला. या धंद्यातली बरीचशी यंत्रं सीमेपलीकडूनच येतात.

मोटरी मुद्दाम तीन फेजच्या घेतल्या, पुरवठा सिंगल फेज असून. मध्ये व्हीएफडी, म्हणजे मोटरीचा वेग सांभाळणारा ड्राइव्ह: आत सिंगल फेज, बाहेर तीन फेज, आणि मोटर हळूहळू वेग घेते, त्यामुळे सुरुवातीचा धक्काच नाही. अट एक, ड्राइव्ह दुप्पट मोठा लागतो, कारण सगळा करंट त्याच्या दोनच आतल्या टोकांतून येतो. पाच एचपीच्या मोटरीला दहाचा ड्राइव्ह. आबांना सांगितलं तर म्हणाले, आम्ही कंडेन्सर लावून तेच करतो. तेच नाही, पण वृत्ती तीच.

२१ डिसेंबर

एक गोष्ट सुटली होती. लाइट गेली आणि परत आली तर?

गावाकडं थ्री फेज बऱ्याचदा रात्री येते. कुणी उठायचं म्हणून सगळ्यांनी मोटरीला ऑटो स्विच लावलेले. लाइट आली की शिवारातल्या चाळीस मोटरी एका क्षणी उचलतात आणि डीपीचा फ्यूज जातो, नाहीतर डीपीच जळते. मग आठवडाभर सगळ्यांचीच पिकं वाळतात. हे बघत मोठा झालो आणि इथं शुगरहाऊसमध्ये प्रत्येक यंत्राला 'आपोआप सुरू' असं सेटिंग करून मोकळा झालो होतो.

बदललं. लाइट परत आली की लगेच फक्त दिवे आणि आरओच्या खोलीचा हीटर. वीस सेकंदांनी वरचा व्हॅक्यूम. चाळीस सेकंदांनी रसाचे पंप. गीझर पाच मिनिटांनी. आरओ आपोआप कधीच नाही, माणसानं टाकीतला रस बघून बटण दाबायचं. पंपघरात आधी व्हॅक्यूम, मग रसाचा पंप.

लाइट आलीच नाही तर बुवांचा ५५ एचपीचा ट्रॅक्टर आणि त्याच्या पीटीओवर (मागच्या फिरत्या दांड्यावर) चालणारा २५ किलोवॅटचा जनरेटर, मध्ये हाताचा चेंजओव्हर. जानेवारी १९९८ चं बर्फाचं वादळ बुवा अजून तारखांसकट सांगतात. फांद्यांवर बर्फाचा काच चढला आणि रात्रभर झाडं मोडल्याचे बार ऐकू येत होते. जनरेटरवर ते वाद घालत नाहीत.

२५ जानेवारी २०२५

पंपघराची चाचणी. नापास.

बुधवारी पहाटे उणे एकवीस सेल्सिअस. बटण दाबलं, ड्राइव्हचा पडदा काळा. व्होल्टेज २४४, फ्यूज ठीक, जोडणी ठीक. दोन तास मीटर घेऊन हुडहुडलो. शेवटी माहितीपुस्तिकेच्या मागच्या पानावर बारीक अक्षरांत: चालवण्याचं तापमान उणे दहा ते पन्नास. पन्नासचा आकडा मी वाचला होता. उणे दहा वाचलाच नव्हता. कोल्हापूरच्या माणसाचा डोळा आपोआप उन्हाळ्याच्या आकड्यावर जातो.

आज ड्राइव्हच्या पेटीत १०० वॅटचा छोटा हीटर आणि थर्मोस्टॅट बसवला. बाहेर उणे अठरा, पेटीत अधिक सहा. पडदा हिरवा झाला, मोटर घुमू लागली. मी दस्ताना काढून पंपाच्या अंगावर हात ठेवला, जसा आबा नवीन मोटरीवर ठेवतात. खरखर नाही.

४ मार्च

टाउन मीटिंगचा, म्हणजे गावच्या वार्षिक सभेचा, दिवस. जुनी मंडळी याच सुमाराला टॅप मारायची. आमचे चार हजार गेल्या आठवड्यात संपले. सभेत सगळे एकाच विषयावर: कॅनडाच्या मालावर पंचवीस टक्के आयातकर आजपासूनच. आरओ नोव्हेंबरात आला याबद्दल लेकीनं मला डोळ्यानंच नमस्कार केला.

खालच्या राईत व्हॅक्यूम २२ इंच (पाऱ्याचे). २६ हवा. एवढ्या जोडांत कुठंतरी फुसफुस आहे. व्हॅक्यूम एक इंच वाढला की रस पाच-सात टक्के वाढतो, तेव्हा उद्यापासून कान लावून नळ्या चालणं. काही ठिकाणी खारीनं कुरतडलंय, दातांच्या खुणा स्पष्ट आहेत.

१५ मार्च, पहाटे २.४०

मोठा दिवस. कालपासून टाक्या ओसंडताहेत. आरओ सात तास चालू, व्हॅक्यूम खाली २६, वर २५. भट्टीवर बुवा, सिरपच्या पॅनचा काटा १०४ सेल्सिअसवर थरथरतोय. पळी उचलून धार बघतात, पडद्यासारखी पसरून तुटली की तोटी उघडतात. मीटर लावलेला असूनही. आमचा गुळव्याही असाच.

शुगरहाऊस पॅनेल: ८८ अँपियर, २३८ व्होल्ट. पंपघर (फोनवर दिसतं): ३६ अँपियर, २३९.

१.५५ ला लाइट गेली. चार मिनिटांनी आली. अंधारात फक्त भट्टीचा लाल उजेड आणि वाफ. मग दिवे. वीस मोजले, व्हॅक्यूम. चाळीस, पंप. काटा २३३ च्या खाली गेला नाही, दिव्यानं डोळा मिचकावला नाही. बुवा दिव्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, बिघडलाय वाटतं.

आरओचं बटण मी दाबलं. टाकी अर्धी.

सकाळी: पंपघरात रसाच्या पंपाचं बेअरिंग कुरकुरतंय, बदलणे. चेंजओव्हरच्या दांड्याला वंगण. शेजाऱ्याचे चार गॅलन बाजूला काढून ठेवणे, रंग गडद झाल्यावर.